अध्यक्षांचं नाक

५ जून, गुरुवार

"या पोरीचं नाक हिला कुठे सुखानं बसू द्यायचं नाही," असं आत्या म्हणाली होती. मी तेव्हा नऊ वर्षांची. सुट्टीत तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी काका घरी आले आणि मी सगळ्यांसमोर विचारलं, काकांच्या शर्टाला वेगळ्याच साबणाचा वास कसा येतो? काका हसले. आत्या हसली नाही. दुसऱ्या दिवशी माझी पिशवी भरून मला घरी पाठवण्यात आलं.

आज हे आठवलं, कारण काल सांस्कृतिक केंद्राचं पत्र आलं. अठ्ठावीस तारखेला केंद्राचा खुला दिवस आहे. सगळी दालनं लोकांना उघडी असतात: चित्रं, भाषेचे वर्ग, गाणं, पुस्तकं. या वर्षी तळमजल्याच्या सभागृहात आमच्या वाइन क्लबनं जर्मन वाइन लोकांना चाखायला द्यायच्या. तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीला चाळीस माणसं. यांनी ते पत्र उभ्यानंच दोनदा मोठ्यानं वाचलं. "आपल्या क्लबच्या आस्वादकार्डांची ख्याती आमच्यापर्यंत पोहोचली आहे," या वाक्यापाशी दोन्ही वेळा आवाज जरा चढवला.

ती ख्याती दीड वर्षाची आहे. हे मी फक्त इथे लिहू शकते.

इथे म्हणजे शाळेच्या प्रयोगशाळेत, मुलांच्या एका कोऱ्या जर्नलमध्ये. मी इथे सहायक आहे. पाचव्या आणि सहाव्या तासाला प्रात्यक्षिक नसतं. परीक्षानळ्या धुऊन उलट्या लावल्या की मला तासभर कुणी हाक मारत नाही.

दीड वर्षापूर्वी यांना ताप आला. आठ दिवसांनी उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. मग एका सकाळी हे कपाटापुढे जमिनीवर बसलेले दिसले, हातात सासूबाईंची शाल. त्या जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते. शाल तोंडावर धरून म्हणाले, "काहीच नाही गं. आई काहीच उरली नाही हिच्यात."

मी शाल घेतली, डोळे मिटले आणि सांगायला लागले. कापूर. खोकल्याच्या त्या लाल कागदातल्या गोळ्या. खाली गरम इस्त्रीसारखं काहीतरी. आणि त्याच्याही खाली त्यांच्या मानेजवळचा वास, नुकत्याच भिजवलेल्या पिठासारखा. हे ऐकत होते आणि डोळ्यांना धार लागली होती. "आली," म्हणाले. "आली बघ."

ते चांगलं काम होतं. मला अजूनही तसंच वाटतं.

पण त्याच शनिवारी क्लबची बैठक होती. चौदा वर्षांपूर्वी यांनी काढलेला क्लब, हेच अध्यक्ष. "वाइन क्लबचा अध्यक्ष आणि नाक बंद! लोक तोंडावर हसतील," म्हणाले. "कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. लेकीलाही नाही. माझी शपथ आहे तुला." मी शपथ घेतली. डॉक्टर म्हणाले होते, वास महिन्यांत परत येईल, वर्षांत येईल, किंवा येणारही नाही. मला वाटलं होतं, महिनाभराचा प्रश्न आहे.

९ जून, सोमवार

काल घरी जर्मन बाटल्यांची पहिली चव घेतली. आमची पद्धत ठरलेली आहे. दुपारी चार वाजता जेवणाच्या टेबलावर पांढरा कागद, त्यावर सहा ग्लास, शेजारी थुंकायला स्टीलचा जग. बाटल्या जिन्याखालच्या कोठीतून मी आणते. तिथे मान वाकवूनच उभं राहता येतं. हे समोर पेन घेऊन बसतात. मी हुंगायचं, तोंडात घोळवायचं, थुंकायचं, सांगायचं. हे कार्डावर लिहितात. अक्षर फार सुंदर आहे यांचं.

पहिली रीसलिंग होती. जर्मनीतलं हे एक पांढरं द्राक्ष, यांच्या मते पांढऱ्या वाइनचा राजा. मी म्हटलं, "दगडी पाटी. ओल्या फडक्यानं पुसलेली, अजून वाळायची आहे."

"पाटी काय, पाटी? खनिज लिहितो."

"खनिज मला माहीत नाही. पाटी माहीत आहे."

पेन थांबलं. मग "पाटी" लिहिलं. "लिहितो बाई. लोकांना आवडतं असलं तुझं."

यांची जुनी कार्डं एका खोक्यात आहेत. "फळांची चव. समतोल. शेवट मध्यम." पुढचं कार्ड, "फळांची चव. समतोल चांगला." बारा-साडेबारा वर्षं असंच. यात यांचा दोष काढत नाही मी. एकेकाला जमतं, एकेकाला नाही. आणि आता तर बिचाऱ्यांना काही येतच नाही.

संध्याकाळी लेकीचा फोन. "आई, बाबा म्हणत होते तू बाथरूममध्ये फिनेल इतकं ओततेस की त्यांचं डोकं उठतं."

डोळ्यांना झोंबत असेल. आजपासून अर्धंच टाकायचं.

"आणि काय गं," ती म्हणाली, "रविवारी पण बाटल्याच? तू बायको आहेस की सेक्रेटरी?"

"सेक्रेटरीला रविवारी सुट्टी असते," मी म्हटलं. दोघीही खूप हसलो.

१६ जून, सोमवार

शनिवारी क्लबची बैठक झाली, दंतवैद्यांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत. माझी जागा टेबल आणि भिंत यांच्या मधली, एक माणूस आडवा उभा राहील एवढी. ओतायचं काम माझं. सगळे म्हणतात, वहिनींचा हात किती स्थिर! हात स्थिर असावाच लागतो. कारण प्रत्येक बाटलीतले पहिले चार थेंब मी माझ्या ग्लासात घेते आणि कुणी बघत नसताना हुंगते. बुचाला बुरशी धरलेली असली तर वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. तो ओळखणं हे अध्यक्षांचं पहिलं काम. तसा वास आला की मी ती बाटली लेबल भिंतीकडे करून ठेवते. हे ग्लास नाकाशी नेतात, थोडं थांबतात, आणि म्हणतात, "ही बाद."

शनिवारी एक बाद निघाली. सगळ्यांनी आपापले ग्लास परत हुंगले आणि माना डोलावल्या.

"अध्यक्ष," दंतवैद्य म्हणाले, "जळलेल्या मालाचे पंचनामे करून लोकांना विमा मिळवून देता. आधी या नाकाचा विमा उतरवा!"

"हप्ता वहिनी भरतील," मागून कुणीतरी.

"भरतेच आहे," मी म्हटलं. सगळ्यात मोठ्यानं हे हसले.

आता एक खरं लिहिते. पाटीचं वाक्य यांनी वाचलं आणि अख्खी खोली ग्लासात नाक घालून पाटी शोधायला लागली. एक म्हातारे वकील डोळे मिटून म्हणाले, "अरे, माझी पहिलीची पाटी!" तेव्हा मी ओतायचं थांबून ते माझं वाक्य मनात परत म्हणून बघितलं. म्हणजे हे खोटं यांचं एकट्याचं नाही. मलाही त्यातून काहीतरी मिळतं. शपथेचं नाव पुढे करते एवढंच.

२० जून, शुक्रवार

काल रजा काढली होती. जर्मन वाइन मागवणाऱ्या बाई खोकी घेऊन येणार होत्या. यांनी त्यांना नाव ठेवलंय बाटलीबाई. साठीच्या आहेत, केस अगदी बारीक कापलेले, जिन्यावरून खोकं स्वतः उचलून आणलं. हे घरी नव्हते. तागाचं एक गोदाम जळलं, त्याच्या पाहणीला जावं लागलं.

"थांबा, अध्यक्षांची वाट बघू," मी म्हटलं.

"अध्यक्ष येतील तेव्हा येतील. आपण दोघी काय तोंड बांधून बसायचं?" आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावरच त्यांनी दोन ग्लासांत ओतलं.

माझं चुकलंच. ग्लास नाकाशी नेला आणि सवयीनं बोलून गेले. "ही पण पाटीच. पण आधीची सावलीतली होती, ही उन्हात ठेवलेली आहे."

त्यांनी आपला ग्लास खाली ठेवला. "तिथे नदीकाठचे डोंगर सगळे पाटीच्या दगडाचे आहेत. वेलींची मुळं त्याच दगडात. ही उन्हाच्या बाजूची आहे, आधीची मी पाठवलेली होती ती पलीकडच्या उताराची. तुम्ही जाऊन आलात का तिकडे?"

"मी? मी या शहरातून शेवटची बाहेर पडले ती लेकीला वसतिगृहात सोडायला."

"कार्डं कोण लिहितं हो तुमच्या क्लबची?"

"अक्षर यांचं आहे."

"अक्षर मी ओळखते. वाक्यांचं विचारतेय."

मी एक धुतलेला ग्लास परत धुवायला घेतला.

मग त्यांनी सरळ सांगितलं. एका कुटुंबाचा मळा आहे, वीस वर्षं त्या त्यांच्याकडून वाइन घेतात. दर हंगामात तिथे राहून रोज पिंपं चाखायची आणि इकडे काय आणायचं ते निवडायचं, हे काम त्या स्वतः करत आल्या. "आता माझं नाक थकलं. लपवण्यात काय अर्थ आहे? वय झालं की थकतंच. मला माझ्या जागी नाक हवंय. सप्टेंबर ते नोव्हेंबर, दहा आठवडे. जमलं तर पुढे दरवर्षी, आणि इथेही काम माझ्याबरोबर."

किती सहज बोलल्या त्या. माझं नाक थकलं!

"यांना सोडून दहा आठवडे?" मी म्हटलं.

"आजारी आहेत का?"

"नाही."

"लहान मूल आहे घरात?"

"नाही हो."

"मग?"

मग काय, ते सांगायची शपथ आहे. मी म्हटलं, "बघते." त्या म्हणाल्या, पाच जुलैला तिकीट काढायचं आहे, तोवर बघा.

हे संध्याकाळी आले ते सरळ अंघोळीला गेले. बाहेर येऊन म्हणाले, "त्या जळक्या तागाचा वास डोक्यातून जात नाही गं." मला इतकं वाईट वाटलं. डॉक्टरांनी सांगितलंच होतं, वास गेलेल्यांना कधीकधी नसलेल्या वासांचे भास होतात. मी डोक्याला बाम चोळून दिला. "नको, उग्र आहे," म्हणून यांनी मान फिरवली.

२४ जून, मंगळवार

दोनदा विषय काढायला तोंड उघडलं. एकदा यांचा फोन वाजला. दुसऱ्यांदा काहीच वाजलं नाही, मीच विचारलं, "चहा टाकू?"

२६ जून, गुरुवार

लेकीला सांगितलं. म्हणजे कामाचं सांगितलं, शपथेचं नाही. ती ओरडलीच. "आई! जा! बाबा काय लहान आहेत? डबा लावतील."

"डब्याचं नाही गं."

"मग कशाचं?"

ही सगळी माणसं "मग" म्हणून थांबतात आणि माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, बाबांना माझी सवय आहे. ती म्हणाली, "तुला आहे का बाबांची, की तुलाही फक्त त्यांना असलेल्या तुझ्या सवयीची सवय झालीय?" फार बोलते. पण आज नळ्या धुताना तेच डोक्यात फिरत होतं.

जेवणात आता तिखट कमी लागतं यांना. मध्यंतरी वरून घालून घ्यायचे, काही चवच नाही म्हणून. पोटाला सोसत नसेल.

३० जून, सोमवार

शनिवारचं आज लिहिते. काल रविवार, वही इथे शाळेत.

सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आमचं टेबल मधोमध लावलं होतं, चारी बाजूंनी दोरी. भिंत नाही. मी कुठे उभी राहणार ते कुणाला सुचलंच नव्हतं. पहिल्या दोन फेऱ्या मी कशाबशा यांच्या मागे उभं राहून निभावल्या. बाटल्या आमच्याच, कार्डं तयार, यांचा आवाज छान लागलेला. चित्रं बघून आलेली माणसं, भाषेच्या वर्गातली पोरंपोरी, एक आजी तर काठी टेकत तिन्ही फेऱ्यांना आली. सगळे पाटी शोधत होते.

तिसऱ्या फेरीआधी ग्लास संपले. धुणारी दोन माणसं आलीच नव्हती. हे म्हणाले, "तू बघतेस का जरा?" मी सभागृहाच्या टोकाच्या छोट्या खोलीत गेले. ती ताटल्या-ग्लास ठेवायची खोली, सभागृहाच्या बाजूला हातभर खिडकी. मी आत गेल्यावर कुणीतरी दाराशी उष्ट्या ग्लासांचे क्रेट आणून रचले, एकावर एक, छातीपर्यंत. बाहेर यायचं तर आधी ते सगळे धुऊन हलवायचे. रबरी हातमोजे घालून मी सुरुवात केली.

आणि खिडकीतून बघते तर बाटलीबाई टेबलाशी. हातात दोन जुन्या बाटल्या. "अध्यक्षांसाठी भेट," त्या सगळ्यांना सांगत होत्या, "वीस वर्षांची रीसलिंग. अशी इथे कुणी चाखली नसेल. कार्डाशिवाय होऊन जाऊ द्या!"

ही बाटली मी हुंगलेली नाही. याचं कार्ड नाही. मी ओरडू शकत नाही, बाहेर येऊ शकत नाही. क्रेट ढकलून बघितले, वरचा हलला आणि ग्लास किणकिणले. खिडकीतून डोकं बाहेर काढलं तर काय, खांदे अडकले. यांनी ग्लास उचलला.

थांबले. परत हुंगलं.

"स्टोव्ह," म्हणाले. "रॉकेलचा स्टोव्ह फुंकर घालून विझवला की क्षणभर येतो ना, तो."

लोक हसले. मग एकेकानं ग्लास नाकाशी नेला आणि हसणं थांबलं. "अगदी!" कुणीतरी म्हणालं. "आणि मागे मध आहे," हे म्हणाले, "पण पोळ्यातला, मेणासकट." बाटलीबाई टाळ्या वाजवायला लागल्या.

माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, सुटले! पुस्तकात वाचलं असणार. जुन्या रीसलिंगला रॉकेलचा वास येतो असं पुस्तकांत असतंच. मी परत ग्लास धुवायला लागले.

दुसरी बाटली बाईंनीच उघडली, त्यांनीच ओतली. लोक पीत होते, वाहवा चालली होती, बाई स्वतः घोट घेऊन कुणाशी तरी बोलत होत्या. यांनी ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. मग यांचा हात बाटलीकडे गेला. अगदी सहज, विचार न करता, यांनी बाटली फिरवली. मी ठेवते तशी. भिंत तर तिथे नव्हती. समोर माझी खिडकी होती. लेबल सरळ माझ्या तोंडासमोर आलं.

मग यांनी वर बघितलं. किती वेळ ते मला सांगता येत नाही.

"ही बाद," हे म्हणाले. लोकांकडे बघून.

बाई चमकल्या. ग्लास हुंगला, परत हुंगला. "अगं बाई, खरंच की! इतकं बारीक आहे, माझ्या लक्षातच आलं नाही."

पाच मिनिटांनी ती बाटली ओतून टाकायला खिडकीतून माझ्याकडे आली. मी हातमोजा काढून हुंगली. ओला पुठ्ठा होता. अगदी पुसट, पण होता.

शेवटी केंद्राच्या संचालिका बाईंनी जाहीर केलं की आता दर महिन्याला एक, असे वर्षभर बारा कार्यक्रम आमच्या क्लबनं करावेत. यांनी तिथल्या तिथे हो म्हटलं. "यामागे आमचं घर उभं आहे," म्हणाले आणि हात माझ्या खिडकीकडे केला. सगळ्यांनी वळून बघितलं. मी एका हातात हातमोजा घालून नमस्कार केला.

घरी येताना हे गाडीत एकदम म्हणाले, "स्टोव्हचं मी पुस्तकात वाचलं होतं."

मी काही विचारलं नव्हतं.

१ जुलै, मंगळवार

मोजत बसले. बाम. ताग. तिखट. फिनेल.

फिनेलच्याही आधी मे महिना आहे. मेमध्ये सासूबाईंचा वाढदिवस असतो. यांनी त्या दिवशी शाल काढून आणली, माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "सांग ना परत." मी सगळं परत सांगितलं. कापूर, गोळ्या, इस्त्री, पीठ. हे तसेच डोळे मिटून ऐकत होते. तेव्हा यांना येत होता का वास? येत होता तर मग मला का सांगायला लावलं?

राग यायला हवा. येतोही. पण मेचा दिवस आठवला की राग अर्ध्यावर अडकतो. कारण समजा, यांनी शाल हुंगली, आई आली, आणि तरी यांना माझ्या तोंडून ती ऐकायची होती. हे लबाडीच आहे असं मला ठामपणे म्हणता येत नाही.

बाकीच्याबद्दल म्हणता येतं.

मी वाट बघतेय की हे सांगतील. आनंदाची बातमी आहे ही. गेलेला वास परत आला म्हणजे घरात पेढे वाटावेत! सव्वा वर्ष मी रोज सकाळी यांच्या नाकाखाली कॉफीचा डबा धरला, लवंग धरली. डॉक्टरांनी सांगितलेला सराव. एप्रिलमध्ये हेच म्हणाले, "जाऊ दे, बंद करू. उगीच आशा नको." मी त्या दिवशी न्हाणीघरात जाऊन रडले होते.

एप्रिल लिहायचं राहिलं वर.

३ जुलै, गुरुवार

काल हे कामावरून लवकर आले. पहिल्या कार्यक्रमाच्या बाटल्या आल्या होत्या. पांढरा कागद यांनीच पसरला, ग्लास यांनीच मांडले, पेनचं टोपण काढून बसले. "हं. सांग."

मी ग्लासात ओतलं आणि यांच्यासमोर सरकवलं. "आज तुम्ही घ्या."

"मला काय कळणार आहे?"

"तरी."

यांनी माझ्याकडे बघितलं नाही. ग्लास उचलला आणि खूप वेळ नाकाशी धरला. मी यांच्याकडे बघत होते. नाकपुड्या हलत होत्या. कपाळावर आठी. गणित न सुटणाऱ्या मुलाची असते तशी. आमच्या प्रयोगशाळेत रोज बघते मी ती. क्षार ओळखायचा असतो, नळीतला रंग डोळ्यांना दिसत असतो, आणि नाव काही केल्या ओठांवर येत नाही. मी इतकी जवळ होते की पुढे होऊन सांगावंसं वाटलं.

ओठ हलले. मला वाटलं, "फळांची" म्हणणार.

यांनी ग्लास खाली ठेवला. "काही येत नाही गं," म्हणाले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तेवीस वर्षांत हे माझ्यासमोर असे लाजलेले मी पाहिले नव्हते. एकदाही नाही. आणि मी काय केलं? "द्या इकडे," म्हटलं. सहाच्या सहा सांगितल्या. हे भराभर लिहीत होते. चौथ्याला मी म्हटलं, नव्या छत्रीचा वास. तर पेन ठेवून म्हणाले, "कसं सुचतं गं तुला?" इतक्या प्रेमानं म्हणाले. खरंच प्रेमानं.

कार्डाच्या तळाशी सही केली. अध्यक्ष.

४ जुलै, शुक्रवार

बाटलीबाईंचा शाळेत फोन आला. "उद्या दुपारी बारापर्यंत थांबते." मी म्हटलं, संध्याकाळी घरी बोलते आणि सकाळी कळवते.

आज नळ्या धुतल्याच नाहीत. संध्याकाळी बोलायला लागले की माझी जीभ चहाकडे वळते, हे आता मला माहीत झालं आहे. म्हणून इथे लिहून काढते आणि पान फाडून हातात देते. हे वाचतील, घडी घालतील, आणि काय म्हणतील तेही मला माहीत आहे. "आणि माझं काय? मला वास येत नाही, विसरलीस?" असंच म्हणतील, अगदी हळू आवाजात. बारा कार्यक्रमांची यादी फ्रिजवर लावली आहेच.

अहो,

मला दहा आठवडे जाऊ द्या. त्या काळातल्या तीन कार्यक्रमांची कार्डं मी निघायच्या आधी करून ठेवते, बाटल्या आधी मागवता येतील. तुमच्याशिवाय कुणाला काही कळणार नाही. आजवर कळू दिलं नाही, पुढेही देणार नाही.

नाही म्हणायचं असेल तर म्हणा. एकट्याला जेवण जात नाही म्हणा. लोक काय म्हणतील म्हणा. माझी वाक्यं माझ्याबरोबर निघून जातील याची भीती वाटते म्हणा, किंवा बायको पुढे गेलेली बघवत नाही म्हणा. यातलं काहीही खरं असलं तर मी ऐकून घेईन, आणि तुमच्याजवळ बसून त्यावर विचारही करीन. कदाचित जाणारही नाही.

फक्त नाकाचं कारण देऊ नका. दुसरं कुठलंही द्या, हे एक देऊ नका. एवढं माझ्यासाठी कराल का?